धाकट्याची साक्ष

आटपाट ढग होता. भुजंगधारी तारकासमूहात झीटा नावाचा एक निळा, अतिशय तप्त तारा आहे. त्या ताऱ्याच्या आणि आपल्या मध्ये हा ढग पसरलेला होता, आजही आहे. वैशाख-ज्येष्ठाच्या रात्री वृश्चिक राशीतली तांबूस ज्येष्ठा ओळखता आली, तर तिच्या उत्तरेला थोडं शोधल्यावर तो तारा नुसत्या डोळ्यांनी सापडतो. ढग मात्र सापडत नाही. तो आहे हे फक्त त्याच्यातून येणाऱ्या उजेडावरून कळतं.

ढग म्हणायचं ते आपल्या सोयीसाठी. आपल्या खोलीतल्या हवेच्या एका घन सेंटिमीटरात सुमारे अडीच लाख कोटी कोटी रेणू असतात. या ढगात तेवढ्याच जागेत जेमतेम काहीशे. गारठाही तसाच. रेणूंची धावपळ मोजून तापमान काढलं, तर ते निरपेक्ष शून्याच्या वर पन्नास-साठ केल्विन भरतं, म्हणजे शून्याखाली दोनशे अंश सेल्सियसहूनही खाली.

अशा जागी वस्ती होती. जवळजवळ सगळी वस्ती हायड्रोजनची. त्यांच्यातला एक वयोवृद्ध रेणू होता, त्याला सगळे आजोबा म्हणत. बाकीची मंडळी थोडी. त्यांत दोन भावंडं होती. दोघांच्याही पोटात कार्बनचा एक अणू, म्हणून भावंडं. थोरलीच्या कार्बनला ऑक्सिजनची जोड होती, ती कार्बन मोनॉक्साइड. तिला ताई म्हणू. धाकट्याच्या कार्बनला नायट्रोजनची जोड होती. तो सायनोजेन, संख्येने ताईहूनही कितीतरी कमी. त्याला धाकटाच म्हणू.

रेणू स्वतःभोवती फिरतो, पण मनाला येईल त्या वेगाने त्याला फिरता येत नाही. निसर्गाने त्याला पायऱ्या घालून दिल्या आहेत. सगळ्यांत खालच्या पायरीवर तो फिरतच नाही. पहिल्या पायरीवर ठरलेलं थोडं फिरणं, दुसरीवर त्याहून जास्त, आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये टेकायला जागा नाही. वर चढायचं तर दोनच वाटा. एक तर येताजाताना कुणाचा धक्का लागावा आणि त्या धक्क्यातली ऊर्जा पदरात पडावी. नाही तर नेमक्या मापाचा उजेड यावा आणि तो गिळता यावा. उतरण्याच्याही याच दोन वाटा आहेत: धक्क्याने ऊर्जा देऊन टाकणं किंवा उजेड बाहेर सोडणं. धाकट्याला खालच्या पायरीवरून पहिलीवर जायला जो उजेड लागतो, त्याच्या लहरींची लांबी 2.6 मिलिमीटर. ताईलाही जवळजवळ तेवढीच. भावंडंच ती.

एकदा धाकटा पहिल्या पायरीवर फिरत होता. आजोबा सेकंदाला पाऊण किलोमीटरच्या वेगाने शेजारून चालले होते. त्यांनी विचारलं, "काय रे, आज कुणाच्या धक्क्याने चढलास?"

धाकटा म्हणाला, "कुणाच्याच नाही, आजोबा."

"असं कसं होईल? या ढगात सगळीकडे आम्हीच. धावणारे आम्ही, आदळणारे आम्ही. इथे जो कोणी वर चढतो, तो आमच्याच जोरावर. आमच्यात जेवढी ऊब आहे, तेवढी ती तुम्हां सगळ्यांत उतरते."

"आजोबा, तुमचा मान मोठा आहे. पण मला धक्का लागून कितीतरी दिवस झाले. आणि मी तर आजच चढलो."

आजोबांना हे पटेना. ते चुकीचं बोलत होते असंही नाही. पुष्कळ ठिकाणी असंच घडतं. गर्दी दाट असली की धक्के सतत बसतात, आणि पायऱ्यांवर कोण किती हे धक्के देणाऱ्यांच्या तापमानावरूनच ठरतं. आयुष्यभर जे पाहिलं, ते त्यांनी सांगितलं.

ताई जवळच होती. ती म्हणाली, "भांडू नका, मोजा. धाकट्यासारखे शंभर जण घ्या आणि कोण कोणत्या पायरीवर आहे ते बघा. तुमचा जोर पन्नास-साठ केल्विनचा आहे ना, आजोबा? तो खरंच यांच्यात उतरत असेल, तर सगळ्यांत जास्त गर्दी तिसऱ्या पायरीच्या आसपास दिसायला हवी. चौथी-पाचवीवरही बरेच जण हवेत."

मोजणी झाली. शंभरातले सत्तर जण अगदी तळाशी होते. एकोणतीस पहिल्या पायरीवर. दुसरीवर एखादाच. तिसरीवर जवळजवळ कुणीच नाही. या वाटणीचा हिशेब जुळायला तीन केल्विनच्या थोडं आतलं तापमान लागतं. आजोबांच्या पन्नास-साठांशी त्याचा काही मेळ बसेना.

"मग हा निदान तीसजणांना वर ठेवणारा कोण?" आजोबांनी विचारलं. "तो समोरचा निळा तारा तर नव्हे?"

धाकटा म्हणाला, "त्याचा उजेड एकाच बाजूने येतो, आजोबा. तो मला ओळखू येतो. हे मात्र सगळ्या बाजूंनी सारखंच येतं. वरून, खालून, पुढून, मागून. कुठल्याच दिशेला कमी नाही, जास्त नाही. दोन-एक दिवस तळाशी थांबलो की त्यातला एखादा कण मला उचलतो. मग दिवसभराच्या आत मी तो सोडून देतो आणि खाली येतो. पुन्हा थांबतो, पुन्हा चढतो."

"मला तर काहीच लागत नाही," आजोबा म्हणाले.

"तुम्हांला लागणार नाही," ताई म्हणाली.

तिचं म्हणणं खरं होतं, आणि त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. आजोबांची दोन्ही टोकं अगदी सारखी, हायड्रोजनला हायड्रोजन. एका टोकाला थोडा जास्त ऋण भार, दुसऱ्याला थोडा जास्त धन भार, असा भेद त्यांच्यात नाही. आणि तो भेद नसला, की मिलिमीटर लांबीच्या लहरींना त्यांना धरायला काही मिळत नाही. त्या आजोबांमधून जातात, पण त्यांना हलवत नाहीत. ताईच्या दोन टोकांत भेद आहे, पण फारच थोडा. धाकट्याचा भेद ताईच्या तेरापट. म्हणून उजेड त्याला चटकन उचलतो, आणि तोही चटकन परत देतो. पहिल्या पायरीवरून उजेड सोडून खाली यायला त्याला सरासरी एक दिवस लागतो. ताईला त्यासाठी पाच महिन्यांहून जास्त.

मला या कथेत सगळ्यांत मोलाची वाटते ती ही गोष्ट. ज्याला लवकर सोडून देता येतं, त्याच्यावर शेजाऱ्यांचे धक्के साचून राहत नाहीत. हायड्रोजनचा किंवा एखाद्या सुट्या इलेक्ट्रॉनचा धक्का धाकट्यालाही बसतो, पण त्या विरळ ढगात तो इतक्या उशिरा बसतो की दोन धक्क्यांच्या मध्ये त्याची उजेडाशी कितीतरी वेळा देवाणघेवाण झालेली असते. धक्क्याची खूण पुसली जाते. उरते ती फक्त त्या सगळीकडून येणाऱ्या उजेडाची खूण. ताईचं तसं होत नाही. ती मिळालेलं महिनोन् महिने धरून ठेवते. उजेड तिला वर्षातून जेमतेम एकदा उचलतो, आणि आजोबांच्या माणसांचे धक्केही तिला जवळजवळ तितक्याच वेळा वर नेतात. त्यामुळे या ढगात तिच्या पायऱ्यांचा हिशेब केला, तर चार-पाच केल्विन येतात. आभाळाच्या उजेडाहून थोडे जास्त, ढगाच्या उबेहून फारच कमी. ताई खोटं बोलत नव्हती. तिच्या आवाजात दोघांचे आवाज मिसळले होते.

तो सगळीकडून येणारा उजेड कुठला, हे ढगातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. आपल्याला आज ठाऊक आहे. विश्व जन्मल्यावर सुमारे 3 लाख 80 हजार वर्षांनी ते निवळलं. तोवर इलेक्ट्रॉनांच्या गर्दीत अडकून पडलेला उजेड सुटा झाला आणि तेव्हापासून चालतोच आहे. सुटला तेव्हा तो तीन हजार केल्विनचा होता. विश्व पसरत गेलं तशा त्याच्या लहरी ताणल्या गेल्या, आणि आज तो पावणेतीन केल्विनच्या आसपास येऊन पोचला आहे. आजोबांच्या पोटातले प्रोटॉन विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या काळातले, या उजेडाच्या सुटकेहूनही जुने. धाकट्याचे कार्बन आणि नायट्रोजन फार नंतरचे, ताऱ्यांच्या पोटात शिजलेले. तरी त्या आदिम उजेडाचा स्पर्श आजोबांना लागत नव्हता, आणि धाकट्याला दर दोन-तीन दिवसांनी लागत होता.

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला जे जाणवत नाही ते नाहीच, असं मी धरून चाललो होतो. धाकट्या, तुझं म्हणणं मला समजलेलं नाही. पण मोजणी खोटी नाही. तुझी साक्ष राहू दे."

कथेचं तात्पर्य मी इथेच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्याच कसोटीचं आहे. एखाद्याची साक्ष लहान आहे आणि तिचा अर्थ लागत नाही, म्हणून ती टाकून देऊ नये. आधी विचारावं की याला उठवलं कुणी, शेजाऱ्याच्या धक्क्याने की दूरच्या उजेडाने. उत्तर मिळेपर्यंत साक्ष जपून ठेवावी.

आता साक्ष पोचायची कशी? त्या निळ्या ताऱ्याचा उजेड ढगातून पलीकडे जात होता. तळाशी बसलेला धाकटा त्यातला 3874.6 अँगस्ट्रॉम लांबीच्या लहरींचा जांभळा उजेड गिळी. पहिल्या पायरीवरचा धाकटा थोडा निराळा, 3874.0 अँगस्ट्रॉमचा गिळी. ताऱ्याच्या वर्णपटात दोन बारीक काळ्या रेषा उमटत, आणि त्यांतली कोणती किती गडद यावरून कोण किती जण कुठल्या पायरीवर आहेत हे वाचता येई. सुमारे चारशे वर्षं प्रवास करून हा वर्णपट पृथ्वीवर पोचला.

पृथ्वीवर कॅलिफोर्नियात माउंट विल्सनवर वॉल्टर ॲडम्स होते. त्यांच्या हाताशी शंभर इंची दुर्बीण होती. झीटाच्या वर्णपटात त्यांना काही अतिशय बारीक, कुठल्याच ताऱ्याच्या न वाटणाऱ्या रेषा दिसत होत्या. तिकडे कॅनडात, व्हिक्टोरियाच्या डोमिनियन वेधशाळेत, अँड्र्यू मॅककेलर नावाचे तिशीतले खगोलशास्त्रज्ञ रेणूंच्या रेषांचा अभ्यास करत. 1940 साली त्यांनी ओळखलं की यांतली एक रेषा सायनोजेनची आहे. ती खरोखर त्याचीच असेल, तर पहिल्या पायरीवरच्या सायनोजेनची आणखी एक फिकी रेषा तिच्या शेजारी असायला हवी, असं त्यांनी सांगितलं. ॲडम्सनी शोधली. ती होती. ॲडम्सच्या अंदाजाने दोन रेषांचं प्रमाण पाचास एक होतं. त्यावरून 1941 साली मॅककेलरनी सायनोजेनच्या फिरण्याचं तापमान काढलं: 2.3 केल्विन.

धाकट्याची साक्ष नोंदली गेली. नोंदवणाऱ्याला तिचा अर्थ ठाऊक नव्हता, आणि त्यांनी तसा आवही आणला नाही. जिथे पदार्थही विरळ आणि उजेडही विरळ, तिथे तापमान या शब्दाला काही अर्थ उरतो का, ही शंका त्यांच्या मनात होती. तरी आकडा त्यांनी छापला. आज त्यांच्याबद्दल मला जो आदर वाटतो, तो यासाठी.

मग तो आकडा एका थोर माणसाच्या हाती गेला. गेरहार्ड हर्झबर्ग हे रेणूंच्या वर्णपटांचे त्या काळातले सर्वांत मोठे जाणकार, पुढे 1971 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलेले. 1950 साली त्यांच्या ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली. तीत या 2.3 केल्विनची नोंद आहे आणि सोबत शेरा आहे, की या तापमानाचा अर्थ फारच मर्यादित समजावा. शेरा वावगा नव्हता. पायऱ्या धक्क्यांनी भरलेल्या नव्हत्या. मग ज्या तापमानामागे धक्के नाहीत, ते कशाचं तापमान? त्यांच्या विद्येत या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पण त्याच काळात, दुसऱ्या एका विद्येत, ते होतं. 1948 साली राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी विश्वाच्या जन्माचं गणित मांडून सांगितलं होतं, की आरंभीचा उजेड आज पाच केल्विनच्या आसपास निवलेला असावा. एकाच्या हाती मोजलेला आकडा, दुसऱ्याच्या हाती त्याचं कारण. पंधरा-सोळा वर्षं दोघांची गाठ पडली नाही. इतका महत्त्वाचा आकडा छापील पानावर सगळ्यांसमोर होता आणि त्याचं कारण फारसं कुणी विचारलं नाही, याची मला आजही हळहळ वाटते. मॅककेलर 1960 साली वारले.

1964 साली न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथे आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन या दोघांना त्यांच्या अँटेनात एक खरखर ऐकू येऊ लागली. 7.35 सेंटिमीटर लांबीच्या लहरींवर, कुठेही रोखली तरी सारखीच. दिवसा तशीच, रात्रीही तशीच, ऋतू बदलला तरी तशीच. 1965 साली त्यांनी ती साडेतीन केल्विनच्या आसपास असल्याचं जाहीर केलं. कुठल्याच दिशेला कमी नाही, जास्त नाही.

त्यानंतर काही महिन्यांतच मॅककेलरच्या आकड्याची आठवण अनेकांना झाली. अमेरिकेत जॉर्ज फील्ड आणि पॅट्रिक थॅडियस यांना, रशियात आयोसिफ श्क्लोव्स्की यांना. जुने वर्णपट पुन्हा काढले गेले, नवे घेतले गेले. पण आता आजोबांचाच प्रश्न माणसांनीही विचारला, आणि तो विचारणं आवश्यक होतं. कशावरून हे धक्क्यांचं काम नाही? कशावरून जवळच्या ताऱ्यांच्या उजेडाचं नाही?

त्याचं उत्तर एकाच ढगाकडे बघून मिळणारं नव्हतं. निरनिराळ्या ढगांतल्या धाकट्यांना विचारावं लागलं. ययातीमधला झीटा तारा घेतला, त्याच्या समोरचा ढग वेगळा. आणखी तारे घेतले. एक ढग दाट, दुसरा विरळ. एक गरम ताऱ्याजवळ, दुसरा लांब. धक्क्यांनी उठवलं असतं, तर प्रत्येक ढगाचं उत्तर वेगळं आलं असतं, कारण गर्दी प्रत्येकाची वेगळी. जवळच्या ताऱ्याने उठवलं असतं, तरी तसंच. पण सगळीकडच्या धाकट्यांनी जवळपास एकच आकडा सांगितला. एकमेकांपासून शेकडो प्रकाशवर्षं लांब बसलेले साक्षीदार एकच गोष्ट सांगत असतील, तर ती गोष्ट त्यांच्या शेजारपाजारची नसते, हे न्यायालयात मान्य होतं तसं इथेही झालं.

धक्क्यांचा हिशेब मात्र सोडून देता आला नाही. ढगात सुटे इलेक्ट्रॉन असतात, त्यांतले बरेच कार्बनच्या अणूंपासून सुटलेले, आणि भारित असल्यामुळे ते धाकट्याला हायड्रोजनपेक्षा फार सहज ढकलतात. त्यांनी घातलेली भर केल्विनच्या काही शतांशांइतकी येते. ती मोजून वजा करावी लागते. 1993 साली पाच ढगांतल्या धाकट्यांकडून असा काटेकोर हिशेब करून 2.729 केल्विन हे उत्तर मिळालं. उपग्रहावरून थेट मोजलेलं उत्तर 2.725 च्या आसपास आहे. चिमूटभर रेणू आणि सगळं आभाळ मोजणारा उपग्रह, दोघांचे आकडे हजारातल्या काही भागांपर्यंत जुळतात.

ताईचं काय झालं, हेही सांगायला हवं. विरळ ढगात तिचा आवाज मिश्र होता. पण दाट ढगात, जिथे एका घन सेंटिमीटरात हजारो, दहा-दहा हजार हायड्रोजनचे रेणू असतात, तिथे धक्के इतके वरचेवर बसतात की उजेड सोडायच्या आतच ताईला पुढचा धक्का बसतो. तिथे ती स्वच्छपणे शेजाऱ्यांचं तापमान सांगते. 1970 साली विल्सन, पेन्झियस आणि त्यांचे सहकारी कीथ जेफर्ट्स यांनी ॲरिझोनातल्या किट पीकवरून मृगातल्या तेजोमेघाकडे दुर्बीण वळवली आणि ताईचा 2.6 मिलिमीटरचा आवाज त्यांना ठणठणीत ऐकू आला. आभाळाची खरखर ज्यांनी ऐकली होती, त्यांनीच आता ढगाचा आवाजही ऐकला. थंड ढगांतले आजोबा स्वतः बोलू शकत नाहीत, त्यांची सारखी टोकं त्यांना बोलू देत नाहीत. म्हणून आज आकाशगंगेतल्या हायड्रोजनच्या ढगांचे नकाशे ताईच्या आवाजावरून काढले जातात. धक्का खाऊन वर जाणं हेही असं मोठं काम ठरतं. कुणाच्या धक्क्याने ती वर गेली हे माहीत असलं, म्हणजे झालं.

धक्क्याने वरच जावं असंही नाही. फॉर्माल्डिहाइड नावाचा एक नातेवाईक अंधाऱ्या, थंड ढगांत राहतो. त्याच्या दोन पायऱ्या एकमेकींना अगदी लागून आहेत, त्यांच्यातलं अंतर सहा सेंटिमीटरच्या लहरीएवढं. हायड्रोजनचे धक्के त्याला असे बसतात की तो त्या जोडीतल्या खालच्या पायरीवर जास्त वेळा येऊन पडतो. परिणामी त्याचा हिशेब आभाळाच्या पावणेतीन केल्विनच्याही खाली जातो. शेजारी त्याच्याहून गरम, आभाळही त्याच्याहून गरम, आणि हा मध्ये सगळ्यांहून थंड. 1969 साली अमेरिकन खगोलशास्त्रज्ञांना तो आभाळाचाच उजेड गिळताना सापडला. धक्के देणाऱ्याची ऊब मोजून धक्का खाणाऱ्याची ऊब सांगता येत नाही, हे त्याच्याइतकं स्पष्ट दुसऱ्या कुणी दाखवलेलं नाही.

या कथेचा एक धागा पुण्यालाही पोचतो. विश्व पसरताना तो आदिम उजेड थंड होत गेला, हे खरं असेल, तर पूर्वी तो जास्त गरम असला पाहिजे. किती, तेही गणित सांगतं. पण पूर्वीच्या काळी जाऊन मोजायचं कुणी? पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतले रघुनाथन श्रीआनंद आणि त्यांच्या फ्रान्समधल्या व इतर सहकाऱ्यांनी त्यासाठी फार दूरचे ढग निवडले. क्वेसार या फार दूरच्या, अतिशय तेजस्वी स्रोताचा उजेड अब्जावधी वर्षं प्रवास करून येताना वाटेतल्या एखाद्या दीर्घिकेच्या वायूमधून जातो आणि तिथल्या साक्षी बरोबर घेऊन येतो. चिलीमधल्या आठ मीटरच्या दुर्बिणीवरून त्यांनी त्या वाचल्या. 2000 साली त्यांनी एका अशा ढगातल्या कार्बनच्या अणूंना विचारलं. तिथे धक्क्यांची भर किती, ताऱ्यांच्या अतिनील उजेडाची किती, हे दोन्ही वेगळं काढावं लागलं. उत्तर मिळालं, 6 ते 14 केल्विनच्या मध्ये. आभाळ तेव्हा आजच्यापेक्षा गरम होतं, हे ठरलं, पण पल्ला मोठा होता.

2008 साली त्यांना आणखी एका दूरच्या ढगात ताई सापडली. तिथून निघालेल्या उजेडाने एक हजार कोटींहून जास्त वर्षं प्रवास केला होता. झीटाच्या ढगात जिचा आवाज मिसळलेला होता, तिच्यावर इथे विश्वास ठेवायचा कसा? पहिल्यांदा तोच प्रश्न विचारला गेला: हिला उठवलं कुणी? तो ढग विरळ होता, त्यामुळे धक्के थोडे. आणि आभाळाचा उजेड त्या काळी आजच्या तिप्पटीहून जास्त तापमानाचा, 2.6 मिलिमीटरवर आजच्या कितीतरी पट जोरकस. त्यामुळे धक्का बसायच्या आत उजेडच तिला पुन्हा पुन्हा उचलत होता. धाकट्याचं काम तिथे ताई करत होती. तिच्या पायऱ्या मोजल्यावर 9.15 केल्विन आले. विश्व पसरल्याच्या गणिताने त्या काळासाठी 9.3 सांगितले होते, आणि मोजणीतली अनिश्चितता या दोहोंतल्या फरकाहून मोठी होती.